स्टार ट्रेकच्या लेखक-निर्मात्यांना खुले पत्र: १९९२ तिथंच राहू द्या

प्रति,
स्टार ट्रेक मालिकांचे लेखक आणि निर्माते यांस,

सप्रेम नमस्कार.

८ सप्टेंबर १९६६ रोजी तुमच्या अंतराळ-विज्ञानकथा मालिकेचा पहिला भाग अमेरिकेत दिसला. २०२६ हे तिचं साठावं वर्ष. आमच्याकडे ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आली, पुढे केबलवर तिची भावंडं आली, आणि आता तर घराघरांत आजोबा आणि नात एकाच एपिसोडवरून वाद घालतात. त्या घरांपैकी एका घरातून हे पत्र लिहिते आहे.

माझं मागणं असं. तुमच्या कथेतला भूतकाळ आमच्या कॅलेंडरशी जुळावा म्हणून काळप्रवास वापरू नका. तुमचा गाजलेला खलनायक खान नूनियन सिंग याचं पृथ्वीवरचं राज्य १९९२ ते १९९६ होतं असं तुमच्या आधीच्या लेखकांनी १९६७ साली लिहून ठेवलं. ते तिथंच राहू द्या. आणि त्या राज्यात जी माणसं राहत होती, ती एकदा तरी पडद्यावर आणा.

'स्पेस सीड' हा एपिसोड १६ फेब्रुवारी १९६७ चा. तुमच्या नायकांच्या एंटरप्राइझ या यानाला अंतराळात भरकटलेलं एक जुनं यान सापडतं, बॉटनी बे. आत दोन शतकांहून अधिक काळ गाढ झोपवलेली माणसं, आणि त्यांचा म्होरक्या खान. निवडक पैदाशीतून घडवलेला महामानव. यानावरची इतिहासतज्ज्ञ त्याच्याकडे बघून अंदाज बांधते: उत्तर भारतातला, बहुधा शीख. नंतर कळतं की आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत, पृथ्वीच्या चतुर्थांशाहून जास्त भागावर त्याची एकहाती सत्ता होती. रिकार्डो मोंटालबान या मेक्सिकन नटाने तो असा उभा केला की आजही खान म्हटलं की तोच चेहरा डोळ्यांपुढे येतो.

त्या एपिसोडमधला एक छोटा प्रसंग माझ्या मनातून जात नाही. एंटरप्राइझचा कप्तान कर्क आणि त्याचे अधिकारी स्कॉटी, स्पॉक आणि डॉक्टर मकॉय खानबद्दल बोलत बसले आहेत. स्कॉटीला या माणसाचं छुपं कौतुक आहे. त्याच्या राजवटीत कत्तली झाल्या नाहीत, असं तो म्हणतो. स्पॉक लगेच सुनावतो, स्वातंत्र्यही तितकंच नव्हतं. मकॉय पुस्ती जोडतो की त्याच्यावर हल्ला होईपर्यंत त्यानेही कुणाशी युद्ध केलं नाही. संपलं. कादंबऱ्या आणि कॉमिक्सची गोष्ट वेगळी, पण पडद्यावर त्या चतुर्थांश जगाच्या रोजच्या जगण्याबद्दल आम्हाला साठ वर्षांत मिळालं ते जवळपास एवढंच, तेही दोन शतकांहून अधिक काळानंतर यानात बसून बोलणाऱ्यांच्या तोंडून. ज्यांच्यावर राज्य झालं त्यांच्यापैकी कुणी बोललंच नाही.

आणि ती माणसं कोण होती? आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत म्हणजे आम्हीच की! पंजाबातला शेतकरी, कराचीतला गोदी कामगार, सोलापूरच्या मागावरची बाई. १९९२ साली मतदार यादीत ज्यांची नावं होती, रेशन कार्डावर ज्यांची नावं होती, ती सगळी.

आता २०२३ कडे येते. 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या तुमच्या नव्या मालिकेच्या दुसऱ्या सीझनमधला तिसरा एपिसोड. खानची वंशज आणि एंटरप्राइझवरची अधिकारी ला'आन, एका बदललेल्या काळातल्या कर्कबरोबर, आजच्या टोरांटोत येऊन पडते. तिथं माणसाच्या वेशात वावरणारी एक रोम्युलन, म्हणजे शत्रू परग्रही जमातीतली, हेर आहे. खानला लहानपणीच संपवायला तिला पाठवलेलं असतं. ती वैतागून सांगते की हे सारं १९९२ मध्येच व्हायचं होतं आणि आपण तीस वर्षं इथं अडकून पडलो आहोत. काळात इतक्या जणांनी ढवळाढवळ केली की घटना पुढे सरकल्या. पण काळही उलट जोर लावतो, आणि व्हायचं ते कधी ना कधी होतंच. एवढ्या एका संवादावर तुम्ही छपन्न वर्षांपूर्वीची तारीख उचलून पुढे नेऊन ठेवलीत.

हे का केलंत ते कळतं. १९९२ येऊन गेलं, खान काही आला नाही. आज एखादी पंधरा वर्षांची मुलगी पहिल्यांदा मालिका बघायला बसली, तर हे आपलंच उद्याचं जग आहे असं तिला वाटलं पाहिजे; मधेच चुकलेला इतिहास आला तर तिचा धागा तुटेल, ही तुमची काळजी. काळजी खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय तुमच्याच घरात आधी सापडला होता. नोव्हेंबर १९९६ मध्ये तुमच्या 'व्हॉयेजर' मालिकेतली त्याच नावाची नौका थेट त्या वर्षीच्या लॉस एंजेलिसमध्ये उतरली. तुमच्या इतिहासाप्रमाणे ते खानच्या राज्याचं शेवटचं वर्ष. पडद्यावर मात्र ऊन, समुद्रकिनारा आणि रस्त्यावरून निवांत फिरणारी माणसं. लेखकांनी कुठलाही खुलासा केला नाही. वेधशाळेतल्या एका तरुण शास्त्रज्ञ मुलीच्या टेबलावर बॉटनी बेच्या जातीच्या यानाचं लहानसं मॉडेल तेवढं ठेवलं. ज्याला दिसलं त्याला दिसलं. मालिका कोसळली नाही, कुणाचा धागा तुटला नाही.

'डीप स्पेस नाइन' या तुमच्या आणखी एका मालिकेचं 'पास्ट टेन्स' तर याहून ठळक. जानेवारी १९९५ मधले ते दोन भाग. भविष्यातले दोन अधिकारी, सिस्को आणि बशीर, २०२४ च्या सॅन फ्रान्सिस्कोत सापडतात आणि बेघर, बेरोजगार माणसांना कुंपणाआड कोंडणाऱ्या वस्तीत त्यांची रवानगी होते. तिथं जो दंगा व्हायचा असतो त्याचा नायक गेब्रिएल बेल आधीच मारला जातो, आणि इतिहास मोडू नये म्हणून सिस्को त्याचं नाव घेऊन त्याच्या जागी उभा राहतो. दंग्याची तारीख सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीची. ती येऊन गेली. असा दंगा झाला नाही. म्हणून ते भाग जुने झाले का? ज्यांनी ते त्या आठवड्यात पुन्हा लावून पाहिले त्यांना विचारा. फुटपाथवर झोपणाऱ्यांना शहराच्या नजरेआड कसं करायचं, हा प्रश्न सॅन फ्रान्सिस्कोत आहे तसा मुंबईतही आहे. तारीख चुकली आणि गोष्ट खरी राहिली.

१९६७ सालच्या तारखेतही तसंच काहीतरी जपलेलं आहे. महायुद्ध संपून तेव्हा बावीस वर्षं झाली होती. श्रेष्ठ वंशाच्या कल्पनेने काय केलं हे ज्यांनी आपल्या तरुणपणी पाहिलं होतं, ते लेखक सांगत होते की ही कल्पना मेलेली नाही, समोर बसून टीव्ही पाहणारी मुलं पोक्त होतील तोवर ती पुन्हा येईल. म्हणून १९९२. त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी तुमच्या लक्षात आली आहे की नाही माहीत नाही. ज्या वर्षी तुमच्या लेखकांनी भारतातून निघून चतुर्थांश जग जिंकणारा माणूस कल्पिला, त्या वर्षी बिहारात दुष्काळ होता आणि आम्ही पीएल-४८० या अन्नमदतीच्या कायद्याखाली आलेला अमेरिकन गहू खात होतो. भारत म्हणजे भुकेलेला देश, अशी प्रतिमा जगभर पसरलेली असताना कुणाला तरी तिथं इतकी प्रचंड आणि भयंकर ताकद दिसली. ही कल्पना बरी की वाईट यावर मी रात्रभर वाद घालू शकते. पण ती त्या वर्षाची आहे. साल खोडलंत की हेही खोडलं जातं.

बदललेल्या काळाच्या तुमच्या ज्या गोष्टी मला जन्मभर पुरल्या आहेत, त्या साऱ्यांत इतिहासाला चेहरा आहे. 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' घ्या, एप्रिल १९६७. मंदीच्या काळातलं न्यूयॉर्क, बेघरांसाठी अन्नछत्र चालवणारी ईडिथ कीलर. कर्क आणि स्पॉक तिच्याकडे झाडलोट करून पोट भरतात. स्पॉकच्या कानांवर लोकरी टोपी. मग स्पॉकने जुळवलेल्या यंत्रावर दोन बातम्या दिसतात: एकीत ती अपघातात गेली आहे, दुसरीत ती काही वर्षांनी राष्ट्राध्यक्षांना भेटते आहे. ती जगली तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरते, अणुबॉम्ब आधी हिटलरच्या हाती पडतो आणि पुढचं सगळं भविष्य पुसलं जातं. शेवटी ट्रक येतो, मकॉय तिला वाचवायला झेपावतो आणि कर्क त्याला धरून ठेवतो. इतिहास जागेवर येतो. पण त्याची किंमत कोण होती हे आपण तासभर पाहिलेलं असतं, तिच्या हातचं सूप पिताना त्या दोघांना पाहिलेलं असतं.

'चिल्ड्रन ऑफ टाइम' (१९९७) मला याच्याही वर वाटतो, आणि त्याची चर्चा फार कमी होते म्हणून मुद्दाम लिहिते. 'डीप स्पेस नाइन'मधलं 'डिफायंट' यान एका ग्रहाजवळ जातं आणि त्यावरच्या वस्तीतले लोक म्हणतात, आम्ही तुमचेच वंशज. हेच यान दोनशे वर्षांपूर्वी इथं कोसळणार आहे, त्यातून आम्ही झालो. आठ हजार माणसं. यान सुखरूप निघून गेलं तर ही आठ हजार माणसं कधी जन्मलीच नाहीत असं होईल; यान कोसळलं तर त्यावरची अधिकारी किरा काही आठवड्यांत मरेल आणि बाकीचे घरी कधीच परतणार नाहीत. घरी बायको-मुलं असलेला यानावरचा ओब्रायन सुरुवातीला अडून बसतो, त्या वस्तीकडे नीट बघतही नाही. मग पेरणीचा दिवस येतो. सगळे शेतात उतरतात, पूर्वज आणि वंशज एकाच वाफ्यात हात घालतात. त्या मातीत ओब्रायनचा नकार विरघळतो. सगळे मिळून कोसळायचं ठरवतात. आणि मग कोसळलेल्या यानावरचा दीर्घायुषी परग्रहवासी, दोनशे वर्षं किराची वाट पाहिलेला म्हातारा ओडो गुपचूप यानाचा मार्ग बदलतो, ती जगावी म्हणून. यान निसटतं. मागे ग्रह रिकामा. ज्या तरुण ओडोने हे केलेलंच नाही तो किरासमोर उभा राहून सांगतो की ते त्याने तिच्यासाठी केलं, आणि तिला काय बोलावं कळत नाही. आम्हालाही कळत नाही. आठ हजार माणसं एका प्रेमापायी गेली, आणि त्यांतल्या पोरांशी आम्ही नुकतेच बोललो होतो.

'इयर ऑफ हेल' मात्र मला आजही सलतं. वर्षभर व्हॉयेजर फुटत राहते, माणसं मरतात, आंधळी होतात. शेवटी कप्तान जेनवे यान शत्रूच्या कालनौकेवर नेऊन आदळते आणि सारं पूर्ववत. कुणालाच काही आठवत नाही. त्या कालनौकेचा म्होरक्या ॲनोरॅक्स तेवढा विसरता येत नाही, कारण त्याच्याकडे हरवलेल्या बायकोच्या केसांची बट आहे आणि तिला परत मिळवायला तो जगच्या जगं पुसतो आहे. बाकी सगळा आकांत कुणाच्याच खाती जमा झाला नाही.

तुमचा २०२३ चा एपिसोडही ला'आनमुळे तरतो, हे कबूल केलं पाहिजे. ज्या कर्कवर तिचा जीव जडला तो गोळी लागून तिच्यासमोर मरतो. परत आल्यावर तिला बजावलं जातं की यातलं अक्षरही कुणाला सांगायचं नाही. ती आपल्या काळातल्या कर्कशी पडद्यावर दोन शब्द बोलते, त्याला काहीच माहीत नसतं, आणि मग ती एकटी रडते. क्रिस्टिना चाँग यांनी ते फार ताकदीने केलं आहे. त्या लहान खानसमोर हातात बंदूक असताना ती गोळी झाडत नाही, हेही योग्यच. पण त्याच एपिसोडात, तिच्या दुःखाच्या शेजारी, एका वाक्यात पाच वर्षांचं राज्य उचलून दुसरीकडे ठेवलं गेलं, आणि त्या राज्यातल्या कोट्यवधी माणसांचं कुणी नावही काढलं नाही. एकाच लेखणीतून दोन्ही उतरलं म्हणून जास्त लागलं.

मराठी वाचकाला बदललेला इतिहास नवा नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, हा प्रश्न आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या विचारला गेला आहे. जयंत नारळीकर २० मे २०२५ ला आम्हाला सोडून गेले. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा या प्रश्नावरच आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा भारतात पोचतात जिथं ती लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. सरांनी तिथं एक गोष्ट केली जी तुम्ही करावी अशी माझी इच्छा आहे. त्यांनी लढाईची तारीख हलवली नाही. गोळी तीळभर हलवली, ती विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली. आणि मग आपल्या नायकाला त्या वेगळ्या देशाच्या रस्त्यांवर सोडलं: रेल्वेत बसवलं, मुंबईच्या ग्रंथालयात इतिहास चाळायला लावलं, आझाद मैदानावरच्या सभेत नेलं. तिथं मंचावरच्या रिकाम्या खुर्चीत हा गृहस्थ जाऊन बसतो आणि भाषण ठोकू लागतो तेव्हा जमाव त्याच्यावर टोमॅटो भिरकावतो. तो समाज सभा कशी घेतो, कशाला चिडतो, हे त्या टोमॅटोंतून कळतं. विजयाचे ढोल बडवणारी कथा लिहिणं सोपं होतं. सरांनी माणसं दाखवली.

खानच्या बाबतीत मात्र तुमच्याकडे सगळं आलं, माणसं आली नाहीत. १९८२ च्या चित्रपटात तो परतला, कर्कने एका ग्रहावर हद्दपार केल्याच्या सूडाने पेटलेला. २०१३ मध्ये बेनेडिक्ट कंबरबॅच खान झाले आणि नावापलीकडे भारताचा मागमूस उरला नाही. २०२३ मध्ये तो टोरांटोतल्या एका खोलीत बसलेला मुलगा झाला. २०२५ च्या श्राव्य मालिकेत नवीन अँड्र्यूज या भारतीय वंशाच्या नटाचा आवाज त्याला मिळाला, याचा आनंद झाला. पण ती कथाही हद्दपारीनंतरच्या ग्रहावरची. २००९ च्या चित्रपटात ज्या यानाने काळाची दिशाच बदलली त्याचं नाव तुम्ही नराडा ठेवलंत, आमच्या नारदाशी किती जवळचं! नावं आमच्याकडून जातात तशी एखादी गोष्टही जाऊ द्या.

ती कुठून सुरू करता येईल तेही सांगते. १९९२ ते १९९६ ही वर्षं आम्ही जगलो आहोत, ती आमच्यासाठी कोरी नाहीत. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, रात्री उशिरापर्यंत गणपती विसर्जन करून गावं नुकती झोपलेली. पहाटे चार वाजायला काही मिनिटं असताना मराठवाड्यात किल्लारी हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं बसली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. घरं झोपलेल्या माणसांवरच कोसळली. हजारो गेले.

भूकंप राज्य कुणाचं आहे ते पाहून येत नाही. तुम्ही इतिहासाची कुठलीही फांदी धरा, जमिनीखालचा तो खडक त्याच पहाटे सरकणार. म्हणजे तुमच्या इतिहासात किल्लारीचा भूकंप खानच्या राज्यात झाला. माणसांची प्रतवारी करणारा तो राजा. त्याच्या फौजा ढिगारे उपसायला आल्या असत्या का? आल्या असत्या तर आधी कुणाला बाहेर काढायचं याचा हुकूम काय असता? म्हाताऱ्यांचं काय, जन्मतःच अधू असलेल्या पोराचं काय? स्कॉटी म्हणतो कत्तली झाल्या नाहीत, स्पॉक म्हणतो स्वातंत्र्य नव्हतं. दोघांचंही म्हणणं त्या एका सकाळी तपासून बघता येईल.

तिथं तुमच्यातला कुणीतरी येऊन पडू द्या. ला'आन असली तर फारच उत्तम, तिच्याच पूर्वजाचं राज्य आहे ते. तिच्या हातात ट्रायकॉर्डर, म्हणजे आजूबाजूचं सारं टिपणारं छोटं यंत्र आहे. कुठल्या ढिगाऱ्याखाली किती श्वास चालू आहेत हे तिला दिसतं आहे, आणि गावकरी भलत्याच जागी खणत आहेत. तिने बोट दाखवलं तर चार जीव वाचतील आणि इतिहास बदलेल. शेजारी एक बाई उभी आहे, तिला ही परकी पोरगी हातातल्या डबीकडे बघून पांढरी का पडली ते कळत नाही, आणि ती विचारते, काय दिसतंय गं तुला?

ला'आनने काय उत्तर द्यावं ते तुम्ही ठरवा. तुमच्याइतकं चांगलं ते कुणी लिहिणार नाही. साल मात्र १९९३ च लिहा, आणि त्या बाईला नाव द्या.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक मराठी प्रेक्षक